झाकण उघडण्याआधीची ओळ

सोमवार, ३ फेब्रुवारी २०२५
सुरतेजवळच्या सचिन गावातल्या डाईंग मिलमध्ये भटू या कामगाराचा उजवा हात भाजला. आम्ही प्रोग्रॅम दिलेल्या नव्या मशीनवर. आत वाफेचा दाब, आणि झाकण उघडलं. असं होऊच कसं शकतं!

मंगळवार, ४
सापडलं. 'झाकण उघड' ही मेथड, म्हणजे त्या कामाच्या सूचना, मूळ मशीनच्या प्रोग्रॅममध्ये — त्याच्या क्लासमध्ये — मी २०११ साली लिहिली — आधी दाब तपास, मगच कुलूप सोड. नव्या मशीनचा क्लास त्याच्यावरूनच काढलेला. रुपालीने त्यात त्याच नावाची मेथड पुन्हा लिहिली. खाली अशी लिहिली की वरची आपोआप चालत नाही. सुपर लिहून तिला बोलवावं लागतं. एक ओळ! तीच नाही. दोन वर्षं माझ्या हाताखाली आहे, शंभरदा सांगितलं.
म्हणाली, "मॅडम, वरची एकदा उघडून बघा ना. मागच्या महिन्यात मी विचारायला आले होते, तिच्यात दाब कुठे —"
"चौदा वर्षं चालतेय ती. स्वतःचं बघ."


बुधवार, ५
दवाखान्यात गेले. भटूची आई, धुरपदाबाई, दारातच बसलेली. "बाई, आते त्याले काम कोन देई?" फळं ठेवली.
भटू उलट हसला — "मॅडम, तुमनं मशीन तुमनासारखंच तापट शे!"

गुरुवार, ६
आमचे मालक ललितभाई, त्यांनी केबिनमध्ये बोलावलं. "बेन, कोनी भूल?" चूक कुणाची? मी रुपालीचं नाव सांगितलं. तिला आजच कामावरून काढलं. लिंबायत वस्तीतल्या तिच्या घरात एकटा तिचाच पगार येतो, ठाऊक आहे मला. पण चुकीला चूक म्हणायचं नाही का?
तिने डबा उचलला, खुर्ची नीट आत सरकवली. माझ्याकडे पाहिलं नाही.

शुक्रवार, ७
जेवण गेलं नाही.

शनिवार, ८
सुपरची ओळ मीच घातली. ऑफिसातच कॉम्प्युटरवर खोटा दाब देऊन चाचणी घेतली. झाकण उघडलं! पुन्हा घेतली. पुन्हा उघडलं.

रविवार, ९
वरची मेथड उघडली. दाब तपासायची ओळ बंद करून ठेवलेली. शेजारी माझी टीप — 'दाबमापक बिघडलाय. फक्त आजपुरतं. १९ मे २०११.' जुन्या मशीनच्या झाकणाला दाब असेतो ते अडवून धरणारा लोखंडी खटका असतो, म्हणून कुणाला कळलं नाही. नव्याला नाही.
रुपाली फोन उचलत नाही. आधी ललितभाईंकडे जाते. मग लिंबायत.