चाळीस ते पन्नासमधला एकटा

२ जानेवारी
आजपासून जिम. रोज सहाला. ट्रेनर म्हणाला, विशीतले महिनाभर टिकतात, साठीतले रोज येतात, तुमच्या वयाचे फी भरून गायब होतात. म्हटलं, माझ्याकडे बघा. बराच वेळ बघत राहिला.

६ जानेवारी
तीन दिवस गेलो नाही. स्नायूंना विश्रांती लागते. आज पंचिंग बॅगला असा ठोसा हाणला की ती उलटी येऊन तोंडावर बसली. ओठ फुटला. बायकोला सांगितलं, फाइट झाली.

११ जानेवारी
हजेरी स्वतः मोजली. विशीतले चौदा, निम्मे आरशासमोर. साठीपुढचे नऊ. चाळीस ते पन्नास: मी. अख्ख्या पिढीची इज्जत माझ्या खांद्यावर. उजव्या. डावा दुखतोय. बेंच मात्र एक रिटायर्ड पोस्टमन अडवून बसतात. वय एकाहत्तर!

१९ जानेवारी
आठवड्याने गेलो. पोस्टमन बेंचवरच. म्हटलं, आजोबा, उठा, तरुणांना जागा द्या. म्हणाले, तरुण आला की देतो. सगळे हसले. डोक्यात तिडीक गेली. ढकललं. त्यांचं कपाळ लोखंडी रॅकवर आपटलं, भुवई फाटली, रक्त बनियनपर्यंत. तसेच उठले आणि मला एक ठेवून दिली. नाकाचं हाड मोडलं. पडलो. मुद्दाम. म्हाताऱ्या माणसावर मी हात उचलत नाही.

१९ जानेवारी, दुपारी
त्यांना पाच टाके. ट्रेनरने कॅमेऱ्यातलं दाखवलं. अँगल चुकीचा आहे. माझा हात उगाच मोठा दिसतो.

२१ जानेवारी
जेवण जात नाही. कपाळ आपटल्याचा तो आवाज कानातच बसलाय. मुळात रॅकच चुकीच्या जागी ठेवलाय.

२४ जानेवारी
ठरलं. उद्या माफी मागणार. ताठ मानेने.

२५ जानेवारी
मान आखडली.

२७ जानेवारी, सकाळी ५.४०
बेल. दारात पोस्टमन, भुवईवर पट्टी. बायकोला म्हणाले, पाठवा त्याला, झालं गेलं, त्याच्या वयाचं दुसरं कुणी येत नाही. मी तोंड धुवायला बाथरूममध्ये शिरलो. कडी अडकली. म्हणजे लावली मीच, पण अडकूही शकली असती. आतून ओरडलो, पुढे व्हा, आलोच! बायकोने विचारलं, मी पंचेचाळीसची, मी आले तर चालेल का? म्हणाले, पळेल. दोघं हसत जिना उतरली.

५.५५
बाहेर आलो. माझे शूज ती घालून गेली. आता अनवाणी कसा जाणार?