बायजाबाईंच्या विहिरीचं पाणी

वळ, भिवंडी
३ डिसेंबर २०२४

चि. क्षितिजा हिस, बाबांचे अनेक आशीर्वाद.

तुझ्या तंबूत फोन लागत न्हाय, म्हणून पत्र. पोर सरकारसाठी युरेनियम शोधते, हे आईने गावभर केलंय. मला मात्र ऐकून बरं वाटलं न्हाय. आपल्या शेतात मोजणीवाले आले तेव्हा तेही म्हणाले होते, नुसतं बघतो. आज तिथे गोडाऊन हाय. तू तिथल्या लोकांना काय सांगतेस? खरं कळव.

तुझ्यावर माया हाय, म्हणूनच विचारतो.
केसरीनाथ

माळावरचं शिबिर
११ डिसेंबर

ती. बाबांस, सा. न. वि. वि.

मीही तेच सांगते, नुसतं बघतो. इथला खडक म्हणजे कोट्यवधी वर्षांपूर्वीच्या नदीची वाळू, दगड झालेली. त्यात युरेनियम मुरलंय. किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र टेकवलं की कडकडतं. शेजारच्या बायजाबाई माझ्या वहीत डोकावतात, शेत कधी घेणार विचारतात. मी त्यांच्या विहिरीचं पाणी तपासलं. युरेनियम मर्यादेच्या चौपट निघालं. साहेब म्हणतात, दुसरा अहवाल येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, घबराट होईल. बायजाबाईंची सून गरोदर आहे, तेच पाणी पिते. काय करू?

रागावू नका.
क्षितिजा

वळ
१८ डिसेंबर

चि. क्षितिजास आशीर्वाद.

साहेबाचा मला संशय येतो, पण तुझा जास्त. मला विचारतेस, म्हणजे उत्तर तुला ठाऊक हाय. आमच्याकडे मोजणीला आले त्यांच्यातल्या एकाला सगळं माहीत होतं, आमच्या घरी चहा पिऊन गेला, बोलला न्हाय. त्याचं तोंड मला अजून आठवतं. नोकरी गेली तर घर हाय.

आईही हेच म्हणते.
बाबा

शिबिर
२६ डिसेंबर

ती. बाबांस, सा. न.

काल सांगितलं. बायजाबाई हसल्या. आज विहीर सोडायला लावायची म्हणजे पुढे शेत सोडायला लावायचं, एवढं मला कळतं, म्हणाल्या. अहवालाचा कागद त्यांनी हातातही घेतला नाही. उलट विहिरीवरून तांब्या भरून आणला, माझ्यापुढे धरला आणि म्हणाल्या, खोटं बोलतेस ना, मग पी.

एका घोटाने काही होत नाही, हे मला पक्कं ठाऊक आहे. तरी हात पुढे झाला नाही.

त्या माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग तांब्या अंगणात ओतला आणि सुनेला हाक मारून डोक्यावरचा हंडा उतरवायला लावला.

साहेबांनी खुलासा मागितलाय. आज सकाळी दोघी सासू-सुना लांबच्या बोअरवेलवर रांगेत दिसल्या. माझ्याकडे पाहिलं नाही.

तुम्ही मात्र लिहीत राहा.
क्षितिजा