मुंगीबाईने राखलेली गाडी

मंगळवार, दुपार

सकल विद्यार्थिवर्गात शाईने मंडित, परममित्र दौतराव यांस,

त्यांच्याच पुढच्या बाकावरच्या टाकाचा सप्रेम नमस्कार. तुझा गुडघा कसा आहे? मोतीबिंदूच्या डोळ्यात थेंब घालतोस ना, की वहिनींनी आठवण करून दिली की 'घातले' म्हणून सांगतोस? कानाचं यंत्र टेबलाच्या खणात ठेवण्यासाठी नसून कानात घालण्यासाठी असतं, हे मी मागेही लिहिलं होतं. वहिनींना नमस्कार. आमच्याकडे सर्व ठीक. ठीक हा शब्दही तोकडा पडेल. खरं सांगायचं तर आज मी छाती पुढे काढून या खुर्चीत बसलो आहे, आणि का ते सांगण्यासाठीच हा कागद पुढे ओढला आहे.

तुला आमची गाडी माहीत आहे. (मागचं डावं दार आतून उघडत नाही, तुला उतरवायला मला फिरून यावं लागलं होतं, तीच.) मुलगा तिला भंगार म्हणतो. म्हणू दे. त्याला हे ठाऊक नाही की घरात मला कविता म्हणायला बंदी आहे आणि गाडीत नाही. रोज संध्याकाळी आम्ही दोघं टेकडीच्या पायथ्यापर्यंत जातो, काचा खाली करतो, ही विणकाम काढते आणि मी शाळेतल्या कविता म्हणतो. ही ऐकते असं मी म्हणणार नाही. पण घरात उठून जाते, तिथे उठून जाता येत नाही.

तर या गाडीवर दोन बाजूंनी संकट आलं. पहिलं मुलाचं. मध्यंतरी मी भाजी आणायला गाडी घेऊन गेलो आणि पिशवी घेऊन चालत परत आलो. मनात एक जुनं कडवं घोळत होतं, पाय आपोआप घराकडे वळले, यात नवल ते काय? पण दुसऱ्या दिवशी गाडी मंडईसमोर मिळाल्यावर मुलगा म्हणाला, "बाबा, यापुढे एकदा जरी काही विसरलात, तर चावी माझ्या खिशात." आवाज चढवला नाही त्याने. तेच वाईट. मी वर्गात आवाज चढवत नसे तेव्हा पोरं जास्त घाबरत.

दुसरं संकट चोरांचं. आमच्या समोर दातांचे डॉक्टर राहतात. त्यांच्या नव्या गाडीला हात लावला तर ती किंचाळायची, कुत्रं घासून गेलं तरी किंचाळायची, त्यामुळे शेवटी शेवटी तिच्याकडे कोणी बघेनासं झालं. आणि एका दुपारी ती किंचाळत किंचाळत निघून गेली. आम्ही सगळ्यांनी ऐकलं. मी तर खिडकी लावून घेतली.

त्या दिवसापासून माझी झोप उडाली. मुलगा हसून म्हणाला, "तुमची गाडी नेणाऱ्याला आपणच वर काहीतरी द्यायला हवं." मी चपला घातल्या. गेलो सरळ चौकातल्या वायरमनकडे. (गाड्यांच्या वायरिंगचं काम करतो, मुलाच्याच वर्गातला, त्या दोघांचं रोज बोलणं असतं. हे लक्षात ठेव, पुढे लागेल.) त्याने मला चोरबटणाची युक्ती सांगितली. पेट्रोलचा पंप इंजिनाकडे पेट्रोल ढकलतो, त्याची वायर मध्येच तोडायची आणि तिथे एक लपवलेलं बटण बसवायचं. बटण न दाबता कोणी गाडी सुरू केली, तर नळीत उरलेल्या पेट्रोलावर ती गल्लीच्या वळणापर्यंत जाते आणि मरते. चोर ऐन रस्त्यात उघडा पडतो. किंचाळणं नाही, काही नाही. दौत, मला यात काव्य दिसलं. आरडाओरडा करणारी गाडी डॉक्टरांची, आणि मौनाने चोराला हरवणारी माझी.

शिवाय त्याने एक खोच ठेवली. बटण नुसतं दाबून भागत नाही, दाबून धरावं लागतं. कमी वेळ धरलं तरी पंप जागा होत नाही, जास्त वेळ धरलं तरी नाही. बरोबर तेवढाच वेळ धरायचं आणि मग चावी फिरवायची. इंजिन बंद केलं की पुन्हा पहिल्यापासून. "चोर वैतागला पाहिजे, काका," तो म्हणाला. पहिले दोन दिवस मीच वैतागलो. घड्याळाकडे बघावं तर चष्मा बदलावा लागतो, तो बदलेपर्यंत वेळ टळून जाते. आणि मग एका सकाळी, सहज, बटणावर बोट ठेवून मी आपली मुंगीबाई म्हटली. तीच रे, मास्तरांनी छडीच्या तालावर पाठ करून घेतलेली:

हळू चाल तू, मुंगीबाई, वाट असे ही लांब,
पाठीवरला दाणा जड तर क्षणभर येथे थांब;
वाऱ्यालाही घाई नाही, नदीस नाही भान,

आणि पुढची तुला येतेच. चौथी ओळ संपली, बोट उचललं, चावी फिरवली, आणि गाडी घुरघुरली. पुन्हा केलं, पुन्हा घुरघुरली. ज्या कवीने ही कविता रचली त्याने आमच्या गाडीचं माप घेऊनच रचली असावी. मी हिला शिकवायला गेलो तर ही म्हणाली, "भर रस्त्यात बसून मुंगीला हाका मारायचं माझं वय राहिलेलं नाही." ठीक आहे. प्रत्येकाचा कान वेगळा.

बटण कुठे आहे ते मी कोणालाही सांगणार नाही असं ठरवलं होतं. सांगितलंही नाही, फक्त दूधवाल्याला, न्हाव्याला आणि पेट्रोल पंपावरच्या मिशीवाल्याला दाखवलं, कारण ती माणसं विश्वासाची आहेत आणि कौतुक करतात. (ॲशट्रेच्या झाकणामागे आहे. तू कुठे बोलू नकोस.)

आता आजची गोष्ट. परवा बटणाची एक वायर सैल वाटली, म्हणून वायरमन म्हणाला की मंगळवारी सकाळी माझा माणूस येऊन गाडी घेऊन जाईल. मी सकाळी फिरून परत येत होतो. गल्लीच्या वळणावर बघतो तर आमची गाडी आडवी उभी, आणि आत स्वच्छ शर्टातला एक माणूस चावीशी झटापट करतोय. चावीही आमची नाही, तारेत ओवलेली भलतीच. मी मनात म्हटलं, गॅरेजची असेल. माणूस वेळेच्या आधी आला याचं मला कौतुक वाटलं. आणि त्याहून कौतुक कशाचं वाटलं असेल तर गाडी बरोबर वळणावर मेली होती. जिथे मरायला हवी तिथेच. मी टाळी द्यायला हात पुढे केला.

तो दचकला. मी म्हटलं, "घाबरू नकोस, गाडी माझीच आहे." तो अधिकच दचकला. मग मी त्याची कानउघाडणी केली, की बाबा रे, काम करायला येतोस आणि तुझ्या मालकाने तुला मुख्य गोष्टच सांगितली नाही? शेजारी बसलो, झाकण उघडलं, त्याचं बोट धरून बटणावर ठेवलं, आणि डोळे मिटून सगळी कविता म्हटली. अगदी गळ्यातून. चौथ्या ओळीनंतर म्हणालो, "आता फिरव." गाडी सुरू झाली. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं असं मला वाटलं. मी उतरलो, दार लावलं आणि खिडकीतून सांगितलं, "पाठ करून ठेव, बंद पडली तर लागेल." तो म्हणाला, "काका, करतो पाठ, आधी जाऊ द्या." मी हात हलवला. दौत, वळण संपेपर्यंत हलवत होतो.

घरी येऊन हिला हे रंगवून सांगत असतानाच दार वाजलं. बाहेर वायरमनचा माणूस. गाडी न्यायला आलो म्हणाला. ही माझ्याकडे वळली आणि अगदी शांतपणे म्हणाली, "मग मघाशी कोणाला दिलीत?"

त्या क्षणाचं वर्णन मी करणार नाही. त्या माणसाला हिनेच 'गाडी यांनी पेट्रोल भरायला पाठवली आहे, उद्या या' म्हणून वाटेला लावलं. मी खुंटीवरच्या चावीकडे बघत बसलो. ती आमच्याकडेच होती, आणि मुलाच्या खिशात जायला आता काही हरकत उरली नव्हती. पण काव्य माणसाला सोडत नाही. पाणी पिऊन होतं न होतं तोच फोन आला. पंपावरचा मिशीवाला. म्हणाला, "काका, तुमची गाडी इथे उभी आहे, आणि एक गृहस्थ आत बसून मुंगीबाई मुंगीबाई करतायत. तुमचा कोणी पाहुणा आहे का? मागे रांग खोळंबली आहे."

कळलं ना? मी टाकीत नेहमी जेमतेमच पेट्रोल ठेवतो. त्याला थांबावं लागलं. थांबला म्हणजे इंजिन बंद केलं. बंद केलं म्हणजे कविता आली. आणि त्याने ती पाठ केली नव्हती. बटण ठाऊक, गाडी ठाऊक, मालकाने स्वतः शिकवणी दिलेली, आणि तरी गाडी जागची हलेना, कारण मुंगीबाईच्या पुढे त्याला शब्द नव्हते. मिशीवाल्याने सांगितलं की तो काहीतरी 'दाणा, दाणा' असंही म्हणत होता, मागचे लोक भोंगे वाजवत होते, एका बाईंनी तर त्याला बरं नाही समजून पाणी दिलं. शेवटी 'मेकॅनिक आणतो' म्हणून तो जो चालत गेला तो गेलाच.

ही म्हणते मी चोराच्या हातात गाडी दिली. मी म्हणतो मी त्याची तोंडी परीक्षा घेतली आणि तो नापास झाला. डॉक्टरांची गाडी यंत्रांनी राखली, ती कुठे आहे? माझी पाठांतराने राखली, ती पंपावर सुखरूप उभी आहे. आपल्या वेळी पाठांतरावर हसणारे किती जण होते, आणि आज बघ. आपल्या मास्तरांना हे कळायला हवं होतं. त्यांनी छडी बाजूला ठेवली असती, निदान थोडा वेळ.

वहिनींना हे वाचून दाखव. मोठ्याने वाच, म्हणजे तुलाही ऐकू येईल.

तुझाच,
टाक

ता. क. वर 'गाडी पंपावर उभी आहे' असं लिहिलं आहे, ते अजूनही तसंच आहे. आम्ही दोघं रिक्षाने तिथे गेलो. मी बसलो, बटणावर बोट ठेवलं. पंपावरची सगळी माणसं कामं टाकून ऐकायला जमली होती, मिशीवाल्याने तर भोंगे बंद करायला लावले. तीन ओळी झाल्या आणि चौथी आली नाही. पुन्हा सुरुवात केली, पुन्हा 'नदीस नाही भान'पाशी येऊन उभा राहिलो. चालीत नुसतं गुणगुणून पाहिलं, अंदाजाने धरून पाहिलं, गाडी मानत नाही. तुला येतेच असं मी वर लिहिलं, ते म्हणूनच. येते ना?

ता. क. २. वायरमनला बोलावता येत नाही, का ते वर कंसात आहे. पोलिसांकडेही गेलो तर जबाब घेताना मुंगीबाई यायची, आणि मग मुलगा. आणि मुलगा रोज संध्याकाळी कचेरीतून येताना त्याच पंपावर पेट्रोल भरतो. तोपर्यंत गाडी हलायला हवी. हे सगळं पत्राच्या सुरुवातीला लिहायचं असतं असं ही म्हणते. फोन केला असता, पण परवा मी फोन केला तेव्हा तू 'आम्हाला गाद्या नकोत' म्हणून ठेवून दिलास. पत्र आणणारा पेपरवाला तुझ्या दारात उभा आहे, त्याच्याजवळ तेवढी एकच ओळ लिहून दे. तपासनीस आले होते त्या दिवशी तूच मागच्या बाकावरून ती हळूच सांगितली होतीस. तशीच सांग. हसू नकोस.

ता. क. ३. (हे अक्षर माझं आहे. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं आहे.) भावजी, नमस्कार. ती ओळ कृपा करून दोन कागदांवर लिहून द्या, एक यांच्यासाठी आणि एक वेगळा माझ्यासाठी. रोज टेकडीवर ऐकून ऐकून पहिल्या तीन मला पाठ झाल्या आहेत, पण चौथीला यांचा आवाज दरवेळी दाटून येतो आणि काही कळत नाही. पुढेमागे पुन्हा अडले तर शेजारी बसून मी सांगेन. हे विसरले, हे मुलाला कळायला नको. आणि मला येते, हे यांना.