अनोळखी स्त्री, फरीदाबाद

बाबा, तुम्ही काढलेला तो फोटो परत भिंतीवर लागलाय. दिल्लीत, कोपर्निकस मार्गावरच्या हॉलमध्ये, दारातून आत शिरलं की समोरच. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली, तरी लोक त्याच्यासमोर थबकतात. मला त्या लोकांचाही राग येतो आणि तुमचा तर येतोच.

जेवताना तुम्ही ऐकवायचात, कॅमेरा शोभेसाठी नसतो. ज्यांच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही त्यांच्याकडे समाजाला बघायला लावणं, हे त्याचं काम. पानिपतच्या हातमागांवर आठवडा आठवडा राहून यायचात आणि तिथल्या विणकरांची बोटं कशी चालतात ते स्वतःची बोटं नाचवून दाखवायचात. समोर पोळी वाढणाऱ्या बाईचं बोट भाजलंय, हे मात्र तुम्हाला कधी दिसलं नाही. फोटोखाली नाव घालायचं नाही, हा तुमचा नियम. म्हणायचात, "नाव घातलं की ते एकट्याचं दुःख होतं, नाही घातलं की सगळ्यांचं." किती टाळ्या घेतल्यात या वाक्यावर!

आणि तो दिवस. फरीदाबादच्या घरी फोन मीच उचलला. गावाहून मामा बोलत होता, आजोबा गेले म्हणून. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी आहे, आई ओट्यापाशी कणीक मळतेय, मी सांगते आणि ती तशाच भरल्या हातांनी फरशीवर बसते. तिच्या तोंडून आवाज फुटायच्या आत तुम्ही कॅमेरा घेऊन आलात. "थांब. हलू नकोस, उजेड चाललाय." आणि आई थांबली, बाबा! बाप गेल्याचं रडू तिनं गिळलं, कारण नवऱ्याला खिडकीतला उजेड हवा होता.

खाली तुम्ही लिहिलंत, 'अनोळखी स्त्री, फरीदाबाद'. तुमच्या दोन मुलांची आई, आणि तुम्हाला अनोळखी! पहिल्या प्रदर्शनात ती ठेवणीतली साडी नेसून त्या ओळीसमोर उभी होती. शेजारी कुणीतरी तुम्हाला विचारलं, ही बाई कुठे भेटली? तुम्ही हसून विषय बदललात.

या वेळी प्रदर्शनवाल्या मुलीचा फोन आला. "मॅम, सर का वो आयकॉनिक फोटो चाहिए. कॅप्शन वही रखें?"

"माँ से पूछकर बताती हूँ," मी म्हटलं. मला खात्री होती, आई साफ नको म्हणेल, आणि ती नको म्हणावी असंच मला वाटत होतं. ती मेथी निवडत बसली होती.

"लावू दे की," ती म्हणाली. "सगळे म्हणतात, काय दुःख आहे चेहऱ्यावर. दुःख कुठलं, अगं, तो राग आहे. तुझ्या बाबांवरचा. बिल्कुल त्यांच्याकडेच बघतेय मी." मग जुडी बाजूला ठेवून म्हणाली, "मी सांगते तसं लिहून घे."

मी लिहून घेतलं आणि पाठवून दिलं. आता तुमच्या फोटोखाली आईचं पूर्ण नाव आहे आणि पुढे एकच ओळ: 'वडील गेल्याची बातमी आली, तेव्हा माझे मिस्टर फोटो काढत होते.'

उद्घाटनाला एक बाई ते वाचत होती. वाचून तिनं परत वर बघितलं आणि नकळत बाजूला सरकली. फोटोतली आई तिच्याकडेच बघत होती ना. कॅमेरा घेऊन तुम्ही उभे होतात, नेमक्या त्या जागी ती बाई उभी होती.

हे पत्र कुठे पाठवायचं नाहीये, म्हणून एवढं लिहून टाकते. उजेड खरंच चालला होता, बाबा. तुम्ही थांबला असतात तर आईची ती नजर कुणालाच दिसली नसती, मलाही नाही. फोटो चांगला आहे. तुमचा सगळ्यात जास्त राग मला त्यामुळेच येतो.