वरची खोली आणि मागचा भाडेकरू

४ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

बाळी बरी आहे, दात येतायत. माझी मात्र झोप उडालीय. घरपट्टीचा कागद आलाय, पट्टी दुप्पट केलीय. ती सरकारी भाषा मला कळेना, शेजारणीने उलगडून सांगितलं, त्यात लिहिलंय की आम्हाला वर खोली आहे आणि मागे भाडेकरू. ताई, वर माळा आहे. मांजरसुद्धा तिथे वाकून चालतं. आणि मागे आपली शेळी.

झालं असं, मध्यंतरी एक माणूस बॅग घेऊन आला आणि खोल्या किती विचारायला लागला. त्याच दिवशी माझ्या नणंदेला बघायला पाहुणे येणार होते. सासूबाईंना वाटलं, हेच ते. मग काय! वर खोली आहे म्हणाल्या, मागची जागा भाड्याने दिलीय म्हणाल्या. तो पट्टीवाला लिहीत गेला, या फुगत गेल्या. खरे पाहुणे त्या दिवशी आलेच नाहीत.

हे ट्रक घेऊन लांब गेलेत. जाताना म्हणाले, एवढी पट्टी झेपायची नाही, हरकत घे, नाहीतर घर भाड्याने देऊन भावाच्या एका खोलीत जाऊ. तिथे बाळीला रांगायला जागा नाही गं. हरकत म्हणजे कोर्ट का? खोटं सांगितलं म्हणून सासूबाईंना धरतील? मला तर साहेब दिसला की बोलताच येत नाही.

माझ्यावर जीव आहे तो असाच राहू दे.

तुझी धाकटी

९ जून

चि. धाकटीस,
अ. उ. आ.

आधी पोट धरून हसले, मग तुझी काळजी वाटली. क्रम चुकला खरा.

कोर्ट नाही गं बाई. साध्या कागदावर लिहून द्यायचं, खोली नाही, भाडेकरू नाही, येऊन बघा. शेजारणीकडून लिहून घे, मुदतीत दे आणि पोच घे. लहानपणी पोस्टमन दिसला की पलंगाखाली जायचीस, तसा ऑफिसात पलंग शोधत बसू नकोस. सासूबाईंना कोणी धरत नाही. धरलंच तर संध्याकाळपर्यंत हात जोडून परत आणून सोडतील.

पण तोंड तुलाच उघडायचंय. बाळीचा पापा घे.

तुझीच, ताई

२६ जून

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पलंग नव्हता, म्हणून अर्ज दिला. परवा मोठे साहेब स्वतः घर बघायला आले. सासूबाईंनी आधीच बजावलं होतं, पोरीचं लग्न व्हायचंय, मी शब्द मागे घेणार नाही. साहेबांनी वरची खोली विचारली तर या तांदूळ निवडायला बसल्या. मी डोळ्यांनी पलंग शोधत होते. पण बाळी या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत खुशाल रांगत होती. तिच्याकडे बघितलं, शिडी आणून लावली आणि म्हटलं, साहेब, तुम्हीच चढा.

चढले. डोकं आपटलं. मग गुडघ्यांवर पुढे गेले आणि वरून म्हणाले, इथे उभंच राहता येत नाही. सासूबाईंना राहवेना. म्हणाल्या, उभं राहायला खाली जागा आहे की! बाळी तर साहेबांना रांगताना बघून टाळ्या पिटायला लागली.

मग भाडेकरू दाखवा म्हणाले. मी शेळी दाखवली. भाडं देते का, विचारलं. मी म्हटलं, दूध देते, तेही मनात आलं तर. ताई, हे मी बोलले! साहेब हसले, खोली खोडली, भाडेकरूही खोडला. पट्टी पहिल्यासारखी झाली. आम्ही कुठे जात नाही.

सासूबाई कालपर्यंत फुरंगटून होत्या. आज खरे पाहुणे आले. या दारातच आडव्या उभ्या राहिल्या, आणि आत घ्यायच्या आधी विचारलं, मुलगी बघायला आलात की घर?

हसून झालं की आठवण काढ.

तुझी धाकटी