पहिली फेरी

३ फेब्रुवारी

परदेशातून पुतणीचा फोन. नऊ मार्चला ऑपरेशन करून बाळ काढणार, डॉक्टरांनी तारीखच देऊन टाकली. जावई जहाजावर, एप्रिलशिवाय किनाऱ्याला लागत नाही. "काका, आईला घेऊन या. ती एकटी यायची नाही, तुम्हाला माहीत आहे."

बघतो, म्हणालो.

"लग्नाच्या वेळीही बघतोच म्हणाला होतात."

पोरीची जीभ आईवर गेली आहे.

४ फेब्रुवारी

कामात लक्ष नाही. एकाच इमारतीत लिफ्ट तपासायला दोनदा गेलो. वॉचमन म्हणाला, "सकाळीच तर झालं की तपासून."

७ फेब्रुवारी

वर्कशॉपमध्ये बातमी पोचली. पाना सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, अख्ख्या शहराला वर चढवता आणि स्वतः जमीन सोडत नाही." (पाना म्हणजे आमचा हेडमेकॅनिक. तीस वर्षं एकच पाना खिशात, त्यावरून नाव पडलं.) सगळे हसले. मीही हसलो. निम्मा धंदा मी हसण्यावरच उभा केला आहे.

पण त्याचं म्हणणं खोटं नाही. सोळाव्या वर्षी लिफ्टच्या खड्ड्यात उतरून ग्रीस पुसायला लागलो, आज बासष्ट इमारतींच्या लिफ्ट माझ्याकडे आहेत. दाराला कान लावला की कुठलं बेअरिंग रडतंय ते सांगतो. तिसाव्या मजल्यावर फळीवर बसून डबा खाल्ला आहे, पाय खाली सोडून. उंचीचं मला काहीच वाटत नाही. मग विमानाचंच काय?

११ फेब्रुवारी

लग्नाच्या वेळचं खरं काय ते इथे तरी लिहावं. वहीला काय, कुणाला सांगायला जात नाही.

सीटवर बसलो होतो. पट्टा लावला होता. शेजारी भावजय – पुतणीची आई, माझ्या धाकट्या भावाची बायको. दार अजून उघडं होतं. तेवढ्यात डोक्यावर कुठेतरी – टिच्. नखाने तार छेडावी तसा. एकदाच.

उठलोच. छातीत दुखतंय म्हणालो. लगेच खाली उतरवलं, डॉक्टर, खुर्ची, पाणी. भावजयही माझ्यामागे उतरली. पोरीचं लग्न आईविना झालं.

परत येताना टॅक्सीत तिने काच खाली केली. मग एवढंच म्हणाली, "काय ऐकलंत, दादा?"

मी तर छातीत दुखतंय म्हणालो होतो.

१६ फेब्रुवारी

आमच्या एका इमारतीत नवव्या मजल्यावर निवृत्त वैमानिक राहतात. लिफ्ट तपासायच्या निमित्ताने त्यांची बेल वाजवली. दार उघडताच म्हणाले, "लिफ्ट चांगली चालते आहे. तुमचं काय बिघडलंय ते सांगा." माणूस तयार आहे.

विमानातले आवाज सांगा म्हटलं, क्रमाने. त्यांनी कागद घेतला. निघण्याआधी पोटाखालून कुत्रं भुंकल्यासारखं होईल, तो पंप. जमीन सुटली की खाली धप्प, ती चाकं आत गेली. मग एकदम इंजिनाचा आवाज उतरेल. "इथे सगळे देवाचं नाव घेतात. काही होत नाही, जोर कमी केलेला असतो." त्यानंतर पंखातून घरघर.

आमच्या धंद्याची रीत त्यांना सांगितली. दुरुस्तीवर शेवटचा हात ज्याचा, पहिली फेरी त्याची. आधी त्याने बसायचं, वर जाऊन खाली यायचं, मग लोकांना सोडायचं. "तुमच्याकडे दुरुस्ती करणारा बसतो का?"

"नाही. तो सही करतो. बसतो मी."

"आणि तुम्ही त्याच्यावर भरवसा ठेवता?"

"तुमच्या लिफ्टने मी रोज नवव्या मजल्यावर येतो तो कशाच्या जोरावर?" हसले. मग चष्मा काढून म्हणाले, "एक मात्र आहे. त्याला जरा काही वेगळं ऐकू आलं, तर तो बोलतो. विमान थांबलं, लोक खवळले, तरी चालतं. बोलल्याबद्दल त्याला कुणी धरत नाही. गप्प राहिल्याबद्दल धरतात."

चहा तसाच टाकून उठलो. कामाचं निमित्त सांगितलं.

१७ फेब्रुवारी

काही नाही.

१९ फेब्रुवारी

लिहितो.

सत्तावीस वर्षं झाली. गोदामातली मालाची लिफ्ट, सात मजले. आमचं पहिलं मोठं काम, भाऊ आणि मी. जुना दोर अजून वर्षभर जाईल असं मी ठरवलं, तोच परत चढवला. शेवटचा हात माझा. सकाळी रिकामी चालवून बघितली तेव्हा वरून आवाज आला. टिच्. दोरातली एक तार तुटली की असा येतो. मला समजलं. समजलं नाही असंही धरून चाललो. गोदामाचा मालक घड्याळाकडे बघत उभा होता, दोर बदलायचा म्हणजे आपली चूक त्याच्यासमोर कबूल करायची.

दुपारी जेवून आल्यावर भावाला म्हणालो, "पहिली फेरी तू कर. मी वर मोटरपाशी थांबतो."

त्याने माझ्याकडे बघितलं. बरं म्हणाला. त्याच्या हातात चिंधी होती, ती नीट घडी करून त्याने खिशात ठेवली.

लिफ्ट पडायला लागली की रुळांना धरणारे जबडे असतात. दोर तुटला तेव्हा ते गंजून बसले होते. भाऊ गेला. चौकशीत सगळं त्या जबड्यांवर गेलं. आवाजाबद्दल मला कुणी विचारलं नाही. मीही बोललो नाही.

पुतणी तेव्हा सहा वर्षांची. त्यानंतर ते घर माझं. शाळा, ताप, परीक्षा, परदेशचं शिक्षण. माझ्या लग्नाचं राहूनच गेलं. लोक म्हणतात, भाऊ असावा तर असा.

विमानाचं काय ते आता उमगलं. ज्या यंत्रावर मला हात ठेवता येत नाही त्यात बसायचं, आवाज ऐकायचा, आणि दुसऱ्याच्या भरवशावर गप्प बसायचं. भाऊ तसाच बसला होता.

२० फेब्रुवारी

तिकिटं काढली. पाच मार्च. भावजय परत येणार नाही इतक्यात, बाळाला वर्षभर सांभाळणार. माझं परतीचं सतरा मार्चचं.

२७ फेब्रुवारी

भावजय बॅगा भरते आहे. लंगोट, दुपटी, एक अख्खी बॅग लोकरीची. म्हटलं, अगं, तिथे दुकानं आहेत. म्हणाली, "दुकानं आहेत, पण तुम्ही मधेच उतरलात तर मला निदान विणायला लोकर हवी."

वर्मी बोलते, पण हसवते. इतकी वर्षं या घरात टिकलो ते या बोलण्यामुळेच.

५ मार्च

विमानातून. अक्षर हलतंय.

दाराशी भावजय बाजूला झाली. "आधी तुम्ही, दादा." बसलो. वैमानिकांचा कागद मांडीवर.

कुत्रं भुंकलं. खूण केली. धप्प. खूण केली. इंजिनाचा आवाज उतरला – देवाचं नाव घेतलं, पण खूण केली. घरघर, हो, तीही. चौघांना ओळखलं. पाहुण्यांसारखे रांगेने आले.

नंतर तासभराने विमान हलायला लागलं. आणि डोक्यावर – टिच्.

कागदावर नव्हता. पुन्हा, टिच्. कागद उलटून बघितला. भावजय डोळे मिटून होती. न उघडताच म्हणाली, "आला?"

"काय?"

"आवाज."

"नाही."

"आला तर सांगा," ती म्हणाली. "या वेळी तरी सांगा."

मी बटण दाबलं. बाई आली. म्हणालो, वरून आवाज येतोय, बघा. ती हसली नाही. कान देऊन उभी राहिली. मग वरचं झाकण उघडलं. कुणाच्या तरी बॅगेचं बक्कल, हादऱ्यासरशी कडेला आपटत होतं. बॅग वळवून ठेवली. "सांगितलंत ते बरं केलंत," म्हणाली.

सत्तावीस वर्षांत पहिल्यांदा बोललो. एका बक्कलासाठी. हसू आलं, आणि रडूही, दोन्ही रुमालात दाबलं.

आवाज थांबला. अंग सैल झालं. खाली ढग होते, बघितले. मिनिटभर खरंच बरं वाटलं.

मग तिचं वाक्य पोचलं. या वेळी तरी.

ती झोपली आहे. किंवा नाही.

९ मार्च

मुलगी. दोघी बऱ्या आहेत. पुतणी म्हणाली, "काका, आलात." रडली.

१२ मार्च

सकाळी स्वयंपाकघरात दोघंच होतो. भावजय बाळाच्या बाटल्या उकळत होती. विचारलं, कधीपासून माहीत आहे?

"त्याच दिवसापासून. हे दुपारी जेवायला घरी आले तेव्हाच सांगून गेले. दादाला आवाज आलाय, बोलत नाहीये, आज पहिली फेरी मलाच करायला लावेल."

"मग इतकी वर्षं बोलली का नाहीस?"

तिने बाटली चिमट्याने बाहेर काढली, फडक्यावर उलटी ठेवली.

"मुलगी सहा वर्षांची होती, दादा. बोलले असते तर तुम्ही पायाशी पडून, रडून मोकळे झाला असतात. मोकळा माणूस मला काय कामाचा होता?"

बाळ रडायला लागलं. ती हात पुसत आत गेली.

परतीला पाच दिवस आहेत. एकट्याचं तिकीट. विमानाचं आता काही वाटत नाही.