अव्वा काय म्हणाली होती

बाई, सरपंचांनी मला गावाची माहिती दोन पानांत लिहून द्यायला सांगितली आहे, पंचायतीच्या भिंतीवर लावायला. मी सोलापुरात शिकवते, म्हणून हे काम माझ्याकडं आलं. अक्कलकोटच्या पलीकडं दोन गल्ल्यांचं गाव, काळी जमीन, ज्वारी, तूर, घरात कानडी आणि बाजारात मराठी, एवढं लिहून झालं आणि हात थांबला. पुढं तुम्हीच दिसायला लागलात.

पौषातली दुपार आहे. ज्वारी माझ्या डोक्याच्या वर गेलेली, आणि तिच्यामधल्या वाटेनं तुम्ही चालताय, बगलेत शाळेचं रजिस्टर. मी चौथीत. तुम्ही बार्शीकडच्या, कानडी येत नाही, म्हणून घरोघरची माहिती विचारताना मी मधे. माणसं किती, जनावरं किती, शाळेत कोण जातं. ऊन इतकं मऊ आहे की पानं घासल्याचा आवाजही लांबून आल्यासारखा वाटतो. एका म्हातारीनं तुमच्या ओंजळीत हुरडा घातला. तो खात तुम्ही विचारलंत, "'छान'ला काय म्हणता गं?" "छलो," मी सांगितलं. पुढच्या घरापर्यंत तुम्ही तेच पुटपुटत होतात.

शेवटचं घर आमचं. माझी आई, अव्वा, चुलीपुढं भाकरी थापत होती. तिला तेव्हा मराठी कळत नव्हतं. तुम्ही म्हणालात, "हिला अक्कलकोटच्या वसतिगृहात पाठवाल ना पाचवीला?" मी ते कानडीत विचारलं. अव्वानं वर न बघता सांगितलं, नको, शेळ्या कोण राखणार, चार वर्षांत लग्नाचं बघायचं. मी तुमच्याकडं वळले. "अव्वा म्हणते, पाठवा."

तुम्ही थोडा वेळ माझ्याकडं बघितलंत आणि लिहून घेतलंत.

जूनमध्ये अव्वानं स्वतः माझी पेटी भरून दिली. हे कसं झालं ते मी विचारलं नाही. विचारलं तर सगळं विरून जाईल असं वाटायचं. पुढं मला नोकरी लागली, तुम्ही बार्शीत असता हेही कळलं. एसटीनं सकाळी निघून संध्याकाळी परत येता आलं असतं. मी आले नाही. त्या दुपारचं विचारलंत तर काय सांगायचं?

आता तुम्हाला जाऊनही किती वर्षं झाली. परवा शेंगा फोडत बसलेल्या अव्वाला मी सगळं सांगून टाकलं.

"त्यास्नी ठावं व्हतं की," ती म्हणाली. "दुसऱ्या दिवशी तू शेळ्यांमागं गेल्यावर एकट्याच आल्या. मोडकंतोडकं कानडी बोलायच्या, मला लई हसू यायचं. रोज आल्या, मी व्हय म्हणेपातूर."

"मग मला का नाही सांगितलंस?"

"त्याच म्हणाल्या, सांगू नका. पोरीनं एवढं धाडस केलंय, ते तिचंच राहू द्या."

हा कागद मी गावाच्या माहितीत लावणार नाही, आणि पाठवायला पत्ताही नाही. अव्वाला सगळं सांगितलं म्हटलं खरं, पण एक गोष्ट तिच्यापाशीही बोलले नाही. तुम्ही गेल्याचं कळलं त्या दिवशी मी रडले. पण रडण्याच्या आधी, क्षणभर, मला सुटल्यासारखं वाटलं होतं.